रंग लावण्याआधी दोन दिवस थांबा

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे कोन लागतं. या पट्ट्यात भाताच्या खाचरांशेजारी गोदामं उभी राहिली, पोरांच्या हातात मोबाइल आले, तसं केस रंगवायचं वेडही आलं. शेतकरी बंधूंनो, घरात हळद ठरली की दहावीतलं पोर हळूच विचारतं, "बाबा, केसांना कलर करू?" आपलं उत्तर ठरलेलं, "काही नको, लोक काय म्हणतील!" पोर गप्प बसतं आणि हळदीच्या आदल्या रात्री मित्राच्या घरी पाकीट कालवून डोक्याला चोपडतं. खरा धोका तिथे आहे.

लोकांचं सोडा, कातडीचं बघा. काळ्या आणि गडद रंगांत बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायमिन, म्हणजेच पीपीडी, नावाचं रसायन असतं. पुष्कळांना त्याने काही होत नाही. पण एखाद्याला ते सोसत नाही. मग टाळूला खाज सुटते, कपाळाला फोड येतात, डोळे मिटतील एवढं तोंड सुजतं. अंगाने ते एकदा धरलं की पुढे प्रत्येक वेळी त्रास होण्याची भीती राहते.

'काळी मेंदी' म्हणजे नुसता झाडपाला, असंही समजू नका. खरी मेंदी तांबूस-नारिंगी रंग देते. तासाभरात केस काळेभोर करणाऱ्या पाकिटात बहुधा पीपीडी असतंच. सोनेरी रंगासाठी तर आधी केसांचा मूळ रंग ब्लीचने उडवावा लागतो. ते टाळूवर जास्त वेळ राहिलं तर कातडी भाजते.

आपल्याकडच्या नियमांनुसार पीपीडी असलेल्या रंगावर इशारा छापावा लागतो. आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, असं त्यात असतं. युरोपीय संघात तर अशा रंगावर '१६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असं लिहावं लागतं. फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण आपण बघतो, हे पाकीट मात्र न वाचताच फाडतो.

मग हो म्हणायचं की नाही? पोर सोळाच्या आतलं असेल तर पक्क्या रंगाला आणि ब्लीचला नाही म्हणा, पण कारण सांगून. हळदीपुरती हौस असेल तर धुतल्यावर निघून जाणारा रंग आहे, नाहीतर साधी मेंदी आहे. तीही पाकीट वाचूनच घ्या.

सोळाच्या पुढचं असेल तर चाचणीच्या अटीवर हो म्हणा. नवं तणनाशक आपण सगळ्या शेतात एकदम मारत नाही, आधी एका खाचरात मारून पाहतो. तसंच इथेही करा. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, फोड, काहीही दिसलं तर तो रंग नकोच. चाचणी दर वेळी घ्यायची, कारण गेल्या वर्षी सोसलेला रंग यंदा सोसेलच असं नाही. म्हणून पाकीट हळदीच्या आठवडाभर आधी आणा. लावताना हातमोजे घाला, डोक्यावर जखम असेल तर थांबा, आणि दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डोकं भरपूर पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा, भिवंडीचं किंवा कल्याणचं सरकारी रुग्णालय गाठा. आणि उरलेली पाकिटं कुलपात ठेवा. हा रंग पोटात गेला तर जिवावर बेततं.

सरपंच आणि शाळा समितीच्या मंडळींनो, रंगवलेल्या केसांवरून पोराला चारचौघांत अपमानित करू नका. त्यापेक्षा लग्नसराईआधी आशाताईंना शाळेत बोलवा आणि पाकिटावरचा इशारा मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या.

केसांचा रंग केस वाढले-कापले की जाईल. पण पोराने आपल्याला आधी विचारलं, ही सवय मोडू देऊ नका.