ग्वाल्हेरचा बंदी व त्याची माता

ग्वाल्हेरच्या गडावर आपण मानमंदिराची निळाई न्याहाळतो. मात्र येथे बंदिवास भोगलेल्या एका शाहजाद्याची माता क्वचितच कोणास आठवते. नवाबबाई ही राजौरीच्या राजाची कन्या व औरंगजेबाची पत्नी. तिचा थोरला पुत्र मुहम्मद सुलतान १६५९ साली काका शुजास जाऊन मिळाला. त्यापायी पित्याने त्यास पुढे या गडावर डांबले. बेगमपद असूनही पुत्राचा बंदिवास तिला टाळता आला नाही. १६९१ साली ती निवर्तली. दुसरा पुत्र मुअज्जम १७०७ साली बहादूरशहा होऊन तख्तावर बसला, तो सोहळा तिने पाहिला नाही. अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरची सराई आणि औरंगाबादेतील बायजीपुरा ही तिचीच कामे सांगतात. पुत्रास आसरा देऊ न शकलेल्या मातेने वाटसरूंस तो दिला.