भाडेकरूच पागडी मागतो तेव्हा

घरमालक आणि भाडेकरू यांचे नाते मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पागडी कोण देतो आणि कोण घेतो, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अमेरिकेत मात्र एक भाडेकरू असा आहे, की जो घरमालकाकडेच पागडी मागतो. ‘मला नवी जागा बांधून द्या, तीही तुमच्या पैशाने, नाही तर मी बिऱ्हाड हलवतो,’ असे तो खुशाल सांगतो, आणि पुष्कळदा घरमालक मुकाट्याने खिशात हात घालतो. हा भाडेकरू म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ. आणि घरमालक म्हणजे तो संघ ज्याचे नाव मिरवतो ते शहर.

या संघांची नावे नीट पाहिली, तर बिऱ्हाडे हलल्याच्या खुणा त्यांत सापडतात. लॉस एंजेलिसच्या संघाचे नाव ‘लेकर्स’, म्हणजे तळ्यांकाठचे. लॉस एंजेलिस तळ्यांसाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. तळी मिनेसोटा राज्यातली. संघ १९६० साली मिनियापोलिसहून उठला, तो नावासकट. ‘जॅझ’ हे न्यू ऑर्लिन्सचे संगीत. पण त्या नावाचा संघ १९७९ पासून युटा राज्यात खेळतो. ‘किंग्ज’ तर रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी गावे करीत १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला पोहोचले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते असे.

हे घडते कसे? एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत २००४ पासून ३० संघ आहेत. संघ हवा असणारी शहरे मात्र त्याहून जास्त. नवा संघ कुणाला द्यायचा आणि जुन्याला गाव सोडू द्यायचे की नाही, हे ठरवतात संघांचे मालकच, आपसांत मतदान करून. म्हणजे विकणारेही तेच आणि माल किती बाजारात आणायचा हे ठरवणारेही तेच. एखादे शहर रिकामे राहिले, की त्याचा धाक इतर ३० ठिकाणी दाखवता येतो. रिकामे शहर हे मालकांच्या हातातले हुकमाचे पानच म्हणायचे.

सिएटलचा नकार

या खेळाची सर्वांत बोलकी कहाणी सिएटलची आहे. ‘सुपरसॉनिक्स’ हा संघ तिथे १९६७ साली जन्मला. विमाने बांधणाऱ्या शहराला शोभेल असेच ते नाव. १९७९ साली त्याने अजिंक्यपद मिळवले. १९९५ साली शहराने साडेसात कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून त्याचे स्टेडियम जवळजवळ नव्याने उभारले. २००१ साली ‘स्टारबक्स’ कॉफीचे हॉवर्ड शुल्ट्झ आणि त्यांच्या भागीदारांनी संघ २० कोटी डॉलरला घेतला. आणि पाच वर्षांच्या आत, जेमतेम दहा वर्षांचे ते स्टेडियम पुन्हा मोठे करण्यासाठी २२ कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून हवेत, अशी मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा २००६ साली त्यांनी संघ ३५ कोटी डॉलरला ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट आणि मंडळींना विकून टाकला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव आला. खेळाच्या संघांना शहराचा पैसा द्यायचा, तर त्यावर शहराला रास्त परतावा मिळालाच पाहिजे, असा त्याचा आशय. जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी तो उचलून धरला. बेनेट यांनी मग उपनगरात ५० कोटी डॉलरच्या स्टेडियमची योजना पुढे केली. राज्याच्या विधिमंडळाने तिला २००७ साली दाद दिली नाही. संघ सिएटलमध्येच ठेवण्याचा मनापासून प्रयत्न करू, हे खरेदीच्या वेळचे आश्वासन होते. पण त्यांच्याच एका भागीदाराने २००७ साली वार्ताहराजवळ कबूल करून टाकले, की संघ तिथे ठेवण्यासाठी आम्ही तो घेतलाच नव्हता. या खरे बोलण्याबद्दल एनबीएने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला!

स्टेडियमचा करार २०१० पर्यंतचा होता. शहर कोर्टात गेले. तिथे मालकांच्या वकिलांनी जो युक्तिवाद केला, तो मला फार मोलाचा वाटतो. संघ गेला तरी शहराचे आर्थिक नुकसान काही होणार नाही, असे ते म्हणाले. लोक तो पैसा करमणुकीच्या दुसऱ्या ठिकाणी खर्च करतील. गंमत पाहा. पैसे मागायचे असतात तेव्हा संघामुळे शहराची भरभराट होते, आणि निघून जायचे असते तेव्हा संघाने काहीच फरक पडत नाही! पुष्कळ अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत. ते भर कोर्टात सांगायला मालकांचेच वकील लागले.

एप्रिल २००८ मध्ये मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. जुलैमध्ये कोर्टाचा निकाल लागण्याच्या काही तास आधी तडजोड झाली. शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले. ‘सॉनिक्स’ हे नाव आणि हिरवा-पिवळा रंग सिएटलसाठी राखला गेला. खेळाडू गेले, त्यांत पहिलाच हंगाम खेळलेला केव्हिन ड्युरंटही होता. घरातले माणूस जावे आणि खुंटीवर सदरा तेवढा राहावा, तसे झाले.

माझा भाचा नोकरीनिमित्त त्याच भागात राहतो. त्याच्याकडे ती हिरवी-पिवळी टोपी अजून आहे. “मामा, माझ्या मुलीने हा संघ पाहिलेलाच नाही, तरी ‘आपला संघ’ म्हणते,” असे तो मला म्हणाला. या धंद्यातले खरे भांडवल ते हेच. ते ताळेबंदात दिसत नाही, पण किंमत वाढते ती त्याच्याच जोरावर.

ज्यांनी पैसे दिले

ओक्लाहोमा सिटीने काय केले? कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ दोन हंगाम तिथे आसऱ्याला आला होता, तेव्हा लोकांना चटक लागलेली. मार्च २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी स्टेडियमसाठी विक्रीकर चालू ठेवायला होकार दिला. संघ ‘थंडर’ झाला, आणि २०२५ साली अजिंक्यही ठरला. पण डिसेंबर २०२३ मध्ये त्याच मतदारांपुढे पुन्हा झोळी आली. या खेपेस किमान ९० कोटी डॉलरचे नवे स्टेडियम. त्यात मालकांचा वाटा ५ कोटींचा. ७१ टक्के लोकांनी होकार दिला. सिएटलचे काय झाले, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

सॅक्रामेंटोच्या कथेत एक मराठी आडनाव येते. २०१३ साली ‘किंग्ज’चे मालक संघ सिएटलच्या एका गटाला विकायला निघाले. कालपर्यंत ज्या गावाचा संघ पळवला गेला होता, तेच आता दुसऱ्याचा पळवू पाहत होते. मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले, आणि मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेऊन तो गावातच राखला. शहराने मात्र नव्या स्टेडियमसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक भार उचलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच ‘किंग्ज’ संघ वरळीला सामने खेळून गेला.

आणि मालकांचे काय? २०१४ साली लॉस एंजेलिसचा ‘क्लिपर्स’ २०० कोटी डॉलरला गेला. २०२५ साली बोस्टनच्या ‘सेल्टिक्स’चा सौदा ६१० कोटींवर ठरला. वर्षाचा नफा-तोटा काही असो, विकताना हात ओले होतातच.

मग सिएटलचे चुकले का? मला तसे वाटत नाही. त्या शहराने किंमत मोजली, पण ती काय आहे हे पाहून मोजली. ‘सॉनिक्स’बरोबर ‘स्टॉर्म’ हा महिलांचा संघही ओक्लाहोमाच्या मंडळींच्या हाती गेला होता. २००८ साली सिएटलच्या चार स्त्रियांनी तो एक कोटी डॉलरला विकत घेतला आणि गावातच ठेवला. त्याने २०१०, २०१८ आणि २०२० साली अजिंक्यपदे आणली. जुन्या स्टेडियमचे छप्पर कायम ठेवून खाली नवे स्टेडियम उभे राहिले, तेही खासगी पैशातून, २०२१ साली.

आपल्याकडे पुण्याच्या नावाने आयपीएलचे दोन संघ आले आणि गेले. फारसे कुणी रडले नाही, कारण जीव जडायला वेळच मिळाला नाही. जिथे चाळीस वर्षे मिळाली, तिथे मायेचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा, हा प्रश्न उरतो. करारात शहराचे नाव घरमालक म्हणून असते. संघावर जीव लावणाऱ्या माणसांचे नाव त्यात कुठेच नसते, आणि पागडी मात्र त्यांच्याच खिशातून जाते.