मांजर डूख धरत नाही

मार्गशीर्ष सरता सरता माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि लोह्यातली घरं पाहुण्यांनी गजबजतात. अशाच एका यात्रेत आमच्या मांजरीनं पाहुण्यांच्या वाकळीवर लघवी केली, दुसऱ्या दिवशी बॅगेवर. घरात एकच मत पडलं, "डूख धरलाय तिनं."

मांजर सूड म्हणून मुतत नाही. तिला घर वासानं ओळखू येतं. खाटेच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासून ती आपला वास लावून ठेवते. परक्या चपला आणि बॅगा आल्या की त्या वासाची सरमिसळ होते, आणि बावरलेलं जनावर आपल्याजवळचा सगळ्यात उग्र वास तिथं टाकतं.

आधी ती मुतते कशी ते बघावं. उभं राहून, ताठ शेपूट थरथरवत भिंतीवर मागं पिचकारी मारली, तर ती हद्दीची खूण. बाहेरचा बोका दाराशी घुटमळत असला की हे हमखास होतं. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. बसून, मऊ कपड्यावर केली असेल तर दुखण्याची शंका घ्यावी. नुसत्या ताणानंही मांजरीच्या मूत्राशयाला सूज येते. मग वाळूत बसलं की दुखतं, म्हणून ती वाळूच टाळते.

बोका सारखा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय. एक-दोन दिवसांत जीव जातो, तेव्हा सकाळची वाट न बघता पशुवैद्य गाठावा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नये. एका गोळीनंही मांजर दगावतं.

माझी चूक झाली ती फिनाईलची. खसाखसा पुसलं, आणि दोन दिवसांनी तिनं त्याच जागी केली. मांजरीच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते सावकाश फुटतं, म्हणून वास दुसऱ्या दिवशी वाढतो. आपल्या नाकाला फिनाईल पुरतं, तिच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. शिवाय काळ्या फिनाईलमधलं फिनॉल तिच्या यकृताला पचवता येत नाही, आणि पंजे तर ती दिवसभर चाटते. जुन्या सुती कपड्यानं आधी टिपून घ्यावं, चोळू नये. मग एन्झाइमवाली कपड्यांची पावडर पाण्यात कालवून शहाबादी फरशीच्या सांध्यांत थोडा वेळ मुरू द्यावी आणि साध्या पाण्यानं दोनदा पुसावं. वाकळ धुऊन कडक उन्हात टाकावी.

घमेल्यात तीन-चार बोटं बारीक वाळू पुरते. जितकी मांजरं त्याहून एक घमेलं जास्त, जेवणाच्या ताटलीपासून लांब, आणि रोज साफ. मारू नये, नाक घासू नये. भ्यालेली मांजर मग लपून करते.

पुढच्या यात्रेला आम्ही धान्याची खोली तिला दिली. घमेलं, पाणी, आणि तिची जुनी गोधडी मुद्दाम न धुता. चार दिवस ती ज्वारीच्या पोत्यांवर बसून होती. पाचव्या दिवशी शेवटचे पाहुणे गेले तशी बाहेर आली, आणि खाटेच्या चारही पायांना सावकाश गाल घासत फिरली.