कॉलेजच्या आवारात विजेची गाडी : आधी सॉकेट, मग बग्गी

नॅकची भेट जवळ आली की कॉलेजांना विजेच्या गाडीची आठवण होते. त्याला कारणही आहे. नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसराचे जे उपाय धरले गेले, त्यांत वाहनांना मर्यादित प्रवेश आणि सायकली किंवा बॅटरीवरच्या गाड्यांचा वापर हे दोन्ही आहेत. मग घाईघाईने एक बग्गी येते, फीत कापली जाते, अहवालात फोटो लागतो आणि काही महिन्यांत ती जिमखान्यामागे ताडपत्रीखाली जाऊन बसते. आपल्या कॉलेजात असे व्हायला नको असेल, तर खरेदी शेवटी ठेवावी.

सुरुवात गेटवर करा. तासिकांचा एक नेहमीचा दिवस निवडून वॉचमनच्या वहीत नोंद घ्या : दुचाकी किती, शिक्षकांच्या चारचाकी किती, कॉलेजच्या बस किती, कँटीनचा टेम्पो कितीदा आला. बहुतेक ठिकाणी दुचाकींचा रकाना पानभर वाढतो आणि बाकीचे दोन-चार ओळींत संपतात. म्हणजे पेट्रोल कुठे जळते हे कळले. आवारात फिरायला एक बग्गी आणल्याने त्या पानात फारसा फरक पडत नाही. विद्यार्थ्यांना स्कूटर चार्ज करायची सोय दिली तर पडू शकतो.

बग्गीची गरज आवाराच्या आकारावर ठरते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे. आयआयटी मुंबईचा पवईतला परिसर त्याहूनही मोठा, आणि तिथली आवारातली ‘टमटम’ विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात असते. आपले कॉलेज दहा एकरांचे असेल, तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी पाच मिनिटे पुरतात. तिथे अपंग आणि ज्येष्ठांसाठी एक छोटी गाडी ठेवावी आणि उरलेला पैसा चार्जिंगकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कायदा. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणूनच आवारातल्या बग्ग्यांना नंबरप्लेट दिसत नाही. पण वसतिगृह रस्त्यापलीकडे असेल आणि बग्गी तो सार्वजनिक रस्ता ओलांडणार असेल, तर ही सवलत गेली. तिथे नोंदणी, विमा आणि लायसन्सवाला चालक असलेली ई-रिक्षा घ्यावी. तिला चालकाशिवाय चारच प्रवासी चालतात.

विद्यार्थ्यांच्या स्कूटरबाबत एक गैरसमज घट्ट आहे : विजेची आहे, म्हणजे लायसन्स नको. ही सूट फक्त २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या हलक्या गाड्यांना आहे. बाकी सगळ्यांना नोंदणी लागते आणि त्यांची नंबरप्लेट हिरवी असते. गेटवरच्या माणसाला एवढे सांगून ठेवा.

यापुढचा टप्पा विजेचा, आणि बेत फसतो तो इथेच. आधी वीजबिल काढून ‘मंजूर भार’ पाहा. एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आपल्याला आहे, तो हा आकडा. समजा, स्कूटरचा एक चार्जर ७५० वॉट घेतो. दहा स्कूटर एकदम लागल्या की साडेसात किलोवॅट झाले. दुपारी संगणक प्रयोगशाळेतले एसी चालू असताना एवढी जागा उरते का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उरत नसेल तर भार वाढवण्याचा अर्ज आधी, गाड्या नंतर.

सोय नसली की मुले स्वतःची सोय करतात. व्हरांड्यातल्या ५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दोन चार्जर. थोड्या दिवसांत प्लगभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि जळका वास येऊ लागतो. हा वास आला की ते सॉकेट त्याच दिवशी बंद करा.

त्याऐवजी पार्किंगच्या शेडमध्ये १६ अँपिअरचे पॉइंट काढा. प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली, कुणाला धक्का बसू लागला, तर क्षणात पुरवठा तोडणारा खटका. अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढते ते जुन्या शिपायांना विचारा आणि पॉइंट त्याच्या बरेच वर बसवा. वेगळा सब-मीटर लावला की खर्चाचा हिशेब राहतो. मुलांकडून शुल्क घेता येते. चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

बग्गी घ्यायचीच ठरली, तर कोटेशनमध्ये गाडीच्या किमतीइतकेच बॅटरीकडे पाहा. लेड-ॲसिड, म्हणजे इन्व्हर्टरला असते तशी बॅटरी, स्वस्त पडते. पण तिला वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून खोली हवेशीर लागते, आणि ती लवकर बदलावी लागते. लिथियम महाग, पण जास्त टिकते. लेड-ॲसिड घेणार असाल तर पुढच्या बॅटरीसंचाची तरतूद त्याच ठरावात करून घ्या. हा खर्च नंतर कुणी मंजूर करत नाही, म्हणून तर ताडपत्री येते.

बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळी सुट्टी. एप्रिलअखेरीस गाडी अर्धवट उतरलेल्या चार्जवर उभी राहते आणि जूनमध्ये हलत नाही. रिकाम्या पडलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, मग ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही. म्हणून सुट्टीआधी ती पूर्ण चार्ज करावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा. लिथियम मात्र साधारण निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवावी. हे काम कुणाचे, ते नावानिशी लिहून ठेवा; ‘सगळ्यांचे’ म्हटले की कुणाचेच नसते.

लांबून मुले आणणाऱ्या बसचा प्रश्न वेगळा. जवळ सीएनजी पंप असेल तर तूर्त तो मार्ग सोपा. मात्र टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावीच लागते.

बॅटरी अखेर संपली की ती भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती परत नेण्याची अट खरेदीच्या करारातच लिहून घ्या.