वस्तरा नको, कात्री चालेल

ज्यू पुरुषाने केस किती वाढवावेत, याबद्दल त्याचं धर्मशास्त्र फारसं बोलत नाही. त्याला काळजी वेगळ्याच गोष्टींची आहे: केस कशाने कापायचे, कुठले कापायचे आणि मुख्य म्हणजे कधी कापायचे.

मूळ आज्ञा तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात आहे. डोक्याच्या कडांचे केस गोलाकार उतरवायला आणि दाढीच्या कडा नष्ट करायला तिथे मनाई आहे. कारण दिलेलं नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडिताने ते सांगून पाहिलं: मूर्तिपूजकांचे पुजारी अशी हजामत करत, म्हणून ज्यूंनी करू नये. सगळ्यांनाच हे पटलं नाही. देवाने सांगितलं एवढं कारण पुरे, असं म्हणणारेही निघाले.

पण आज्ञा आली की तिचा कीस काढणं आलंच. डोक्याच्या कडा म्हणजे दोन्ही कानशिलं. दाढीच्या कडा मात्र पाच, असं मिश्ना हा जुना नियमसंग्रह सांगतो. त्या पाच नेमक्या कुठे, यावर पंडितांचं एकमत होईना, तेव्हा सबंध दाढीलाच वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. त्याच वेळी, दाढी ‘नष्ट’ होते ती वस्तऱ्याने, कात्रीने नव्हे, असाही अर्थ लागला. त्यामुळे गुळगुळीत गालांचा धर्मनिष्ठ ज्यूही असू शकतो. कानशिलांच्या बाबतीत कापणारा आणि मान पुढे करून कापून घेणारा, असे दोघेही दोषी. दाढीच्या वस्तऱ्याची ही बंदी बायकांना लागू नाही.

विसाव्या शतकात विजेवर चालणारं दाढीचं यंत्र आलं आणि जुना वाद नव्याने पेटला. हे यंत्र वस्तरा की कात्री? जाळीमुळे पातं कातडीला टेकत नाही, केस जाळी आणि पातं यांच्यामध्ये कापला जातो. म्हणजे ही कात्रीच, असा एक पक्ष. न्यूयॉर्कचे विख्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे फाइनस्टाइन यांनी अशा यंत्रांना परवानगी दिल्याचं त्यांचे शिष्य सांगतात. इस्राएलमधले ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी विरोधात होते. केस वर ओढून कापणारी यंत्रं आल्यावर तर, ती ओढणारी पाती काढून देणारे जाणकारही तयार झाले.

कानशिलावरच्या ज्या बटा आपल्याला छायाचित्रांत दिसतात, त्या याच आज्ञेतून आल्या. नियमाला खरं तर थोडेसे केस पुरतात. कुरळ्या लांब बटा हा हसिदी पंथाच्या आणि येमेनी ज्यूंनी वाढवलेला रिवाज. एकोणिसाव्या शतकात रशियाच्या झारने या बटांवरच बंदी आणली होती. केसांत ओळख असते, हे राज्यकर्त्यांनाही चांगलं कळतं.

आता ‘कधी’चा प्रश्न. वल्हांडण आणि शावुओत या सणांच्या दरम्यान ४९ दिवस मोजले जातात. प्राचीन पंडित रब्बी अकिवांचे २४,००० शिष्य याच काळात मेले अशी परंपरा आहे, म्हणून त्यातला बराच काळ केस कापत नाहीत. नेमके दिवस कोणते, यात मात्र गावोगावी फरक. अनेकांचा निर्बंध ३३व्या दिवशी, लाग बाओमेरला सुटतो आणि न्हाव्यांकडे झुंबड उडते. गंमत म्हणजे इस्राएलचा स्वातंत्र्यदिन याच ४९ दिवसांत येतो. राष्ट्रवादी धार्मिक ज्यूंपैकी बरेच जण त्या दिवसासाठी दाढी करतात, कडवे करत नाहीत. गालावरूनच माणसाचं राजकारण कळावं अशी सोय!

उन्हाळ्यात जेरुसलेममधल्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाचा शोक येतो, तेव्हाही कात्री बंद. घरात मृत्यू झाला तर तीस दिवस बंद. आईवडील गेले तर त्याहून जास्त, ‘आता केस काप’ असं मित्रांनी टोकेपर्यंत. अनेक दिवस चालणाऱ्या सणाच्या मधल्या दिवसांतली बंदी मला सगळ्यांत हुशारीची वाटते. माणसाने आळस करून अस्ताव्यस्त डोक्याने सणात शिरू नये, आधीच न्हाव्याकडे जाऊन यावं, म्हणून ती घातली. समुद्रापलीकडून आलेल्याला किंवा तुरुंगातून सुटलेल्याला मात्र सूट.

मुलाचे केस तीन वर्षांचा होईपर्यंत न कापण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत, या आज्ञेशी तिचं नातं जोडतात. लाग बाओमेरला इस्राएलच्या गालिलीतल्या मेरोन इथे प्राचीन रब्बी शिमोन बार योहाय यांच्या कबरीपाशी असे कितीतरी जावळविधी होतात. २०२१ मध्ये याच उत्सवात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण मेले.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा रिवाज वेगळा. मूल होत नसलेली बाई नवस बोले की मुलगा झाला तर सहा-सात वर्षं त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. मुदत संपली की केस उतरवून सोन्याचांदीने तोलायचे आणि ती रक्कम दानपेटीत टाकायची. याचा धागा थेट बायबलमधल्या, केस न कापण्याच्या नाझीर व्रताशी जातो, पण नवस बोलण्याची रीत शेजारच्या हिंदू बाईलाही अनोळखी वाटली नसती.

भारताशी केसांचा दुसरा संबंध मात्र वादळी ठरला. लग्न झालेल्या ज्यू बाईने केस झाकावेत असा नियम आहे आणि अनेक जणी त्यासाठी खऱ्या केसांचा टोप घालतात. २००४ च्या मे महिन्यात जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एलियाशिव यांनी निवाडा दिला: तिरुपतीला भक्तांनी उतरवलेले केस ही मूर्तीला वाहिलेली वस्तू, त्यांचा टोप वापरायचा नाही. निवाड्याआधी एका रब्बींना तिरुपतीला पाठवून पाहणीही करवली होती. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये आणि इस्राएलमध्ये बायकांनी हजारो रुपयांचे टोप रस्त्यावर जाळले.

प्रश्न सोपा नव्हता. बालाजीला केस देणारा भक्त ते केस देवाला वाहतो, की अहंकार उतरवून स्वतः शुद्ध होऊन देवापुढे जातो? आपल्याकडे दोन्ही उत्तरं मिळतील, आणि ज्यू पंडितांतही यावरून फूट पडली. काहींनी हा निवाडा मानलाच नाही. त्यातून धंद्याची रीत मात्र बदलली: धर्मनिष्ठ गिऱ्हाइकांचे टोपवाले आता केस भारतातले नाहीत, असा रब्बींचा दाखला मालाबरोबर देतात.