फीमध्ये भरलेली मदत

रात्री दुकानाचे शटर ओढून, दिवसाचा गल्ला मोजून घरची मंडळी साडेनऊच्या सुमारास मोबाइलसमोर बसतात, तेव्हा अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ईस्ट लान्सिंग गावी दुपारचे बारा वाजलेले असतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेला मुलगा अथवा मुलगी दोन वर्गांच्या मधल्या वेळात दहा मिनिटे बोलते. खाल्लेस का, थंडी किती आहे, पैसे पुरतात ना, हे प्रश्न ठरलेले आणि त्यांची उत्तरेही ठरलेली. पडद्यावरचा चेहरा थोडा ओढलेला दिसला तरी आई ते झोपेवर ढकलते. सगळे ठीक आहे, एवढे ऐकून फोन बंद होतो.

या ‘ठीक’ शब्दाआड पुष्कळ काही राहून जाते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे होते. ही मुले शाळकरी नव्हेत. बावीस ते तीस वयाची, शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेली, घरापासून अर्ध्या पृथ्वीइतकी दूर. २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २६ देशांतील २३४ संस्थांमधल्या २,२७९ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेक पीएचडी करणारे होते. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंताविकार सहापटींहून अधिक आढळले. स्वतःहून उत्तरे देणाऱ्यांचीच ही पाहणी असल्याने आकडा जपून घ्यावा, हे खरे. तरीही तो दुर्लक्षून चालणार नाही.

विद्यार्थ्याला फीपलीकडे काय लागते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. दक्षिण भारत जैन सभेने चालविलेली बोर्डिंगे आणि मुंबईत १९१५ साली स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय यांमागे हीच जाण होती. गावाकडून आलेल्या मुलाला खोली, घरासारखे जेवण आणि विचारपूस करणारा एक गृहपती मिळाला, की त्याचे अर्धे ओझे उतरे. अमेरिकन विद्यापीठात हेच काम दहा-बारा वेगवेगळ्या कार्यालयांत विभागलेले असते. भेद एवढाच की बोर्डिंगचा गृहपती संध्याकाळी स्वतः खोलीत डोकावत असे. तेथील कार्यालय कोणाच्या दारी जात नाही, विद्यार्थ्याने जावे लागते. आणि नेमके तेच आपल्या मुलांना जड जाते. घरची अडचण पेठेत बोलू नये, पत राखावी, ही व्यापारी घरातील लहानपणापासूनची शिकवण. पेठेत ती योग्यच. पण तीच सवय परदेशात अंगाशी येते.

या कार्यालयांतील बहुतेकांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून किंवा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून आधीच भागलेला असतो. समुपदेशकाच्या भेटी सहसा वेगळे पैसे न देता मिळतात, मात्र त्यांची संख्या मर्यादित असते. लेखन केंद्रात प्रबंधाचा मसुदा घेऊन बसता येते. तेथे कोणी इंग्रजी सुधारून हातात ठेवत नाही, तर युक्तिवाद कोठे तुटतो ते दाखवून देतात. माल खरेदी करून गोदामात तसाच पडू द्यावा असे कोणता व्यापारी करील? परंतु ऑगस्टच्या स्वागत-समारंभात मिळालेल्या पत्रकांचा गठ्ठा टेबलाच्या खणात जातो आणि मे महिन्यात खोली रिकामी करताना सापडतो.

ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील एका कार्यालयाचा उल्लेख येथे मुद्दाम करावा लागेल. १९६७ पासून तेथे ओम्बड्सपर्सन हे पद आहे. विद्यार्थी आणि प्राध्यापक, विद्यार्थी आणि प्रशासन यांच्यात तेढ आली तर ऐकून घेणारी, नियम समजावून देणारी आणि पुढचे मार्ग दाखविणारी ही व्यक्ती. व्यापारी संघाच्या लवादाशी ती थोडी जुळते. पण लवाद निर्णय देतो, ओम्बड्सपर्सन देत नाही. ती कोणाचीही बाजू घेत नाही आणि ऐकलेले गुप्त ठेवते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला या पदाचे मोल फार, कारण त्याचे विद्यावेतन, संशोधनाचा विषय, पुढच्या नोकरीचे शिफारसपत्र, सारे बहुधा एकाच मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हाती असते. तेथे कुरबूर झाली तर मुलगा गप्प बसतो. गुरुजनांविरुद्ध तोंड उघडू नये, हे त्याला घरीच शिकविलेले असते. मार्गदर्शक बदलता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. पुष्कळ विभागांत पीएचडी मध्येच थांबवून मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि तेथे त्यात कोणी नामुष्की मानत नाही. न चालणारी शाखा वेळीच बंद करून भांडवल वाचविणाऱ्याला पेठेत शहाणा म्हणतात. मुलाने तसे केले की मात्र नातेवाइकांत कुजबुज सुरू होते!

व्हिसाची बाजू याहून नाजूक आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने सत्र चालू असताना पूर्णवेळ अभ्यासक्रम घेणे बंधनकारक असते आणि विद्यापीठाच्या आवारातील काम आठवड्याला २० तासांपुरते मर्यादित असते. प्रकृती ढासळली, एखादा विषय झेपेना, म्हणून कोणी आपल्या मनाने विषय सोडला आणि अभ्यासभार पूर्णवेळाच्या खाली गेला, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. हेच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन आधी परवानगी घेतली तर नियमात बसते. आजारपणासाठी डॉक्टरांच्या किंवा मानसोपचार क्षेत्रातील परवानाधारक तज्ज्ञाच्या पत्रावर, एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत अभ्यासभार कमी करता येतो. परवानगी आधी की विषय सोडणे आधी, एवढ्याशा क्रमावर दोन वर्षांचे शिक्षण आणि कर्ज अवलंबून असते. ज्या मुलाने आपले दुखणे कोणालाच सांगितलेले नसते, तो या कार्यालयात जातच नाही, आणि गेला तरी उशिरा जातो.

येथे पालकांना एक धक्का बसतो. पैसे आपण भरतो, तेव्हा विद्यापीठाला फोन करून मुलाचे कसे चालले आहे ते विचारावे, असे वडिलांना वाटते. १९७४ च्या एका संघीय कायद्यानुसार सज्ञान विद्यार्थ्याचे गुण व शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीवाचून सर्वसाधारणपणे कोणालाही, आईवडिलांनाही, सांगता येत नाहीत. समुपदेशकाचे मौन तर आणखी कडक. जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या प्रसंगीच ते सुटते. या गुप्ततेचा राग येणे स्वाभाविक आहे. पण तिच्यामुळेच मुले तेथे मोकळी बोलतात, हेही खरे.

सारेच असे गंभीर नसते. आवारात वर्षभर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम चालतात आणि त्यांतला एक फार गमतीचा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू केली. त्या प्रांतात तेव्हा दुष्काळ होता आणि लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावून आंघोळ आटोपत. ते पाहून कल्पना सुचली, की ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध तीन मिनिटांत का सांगू नये? एकच स्थिर चित्र दाखवायचे, दुसरे साहित्य काही नाही, आणि विषय न जाणणाऱ्या श्रोत्याला तो समजला पाहिजे. आज जगभरातील विद्यापीठांत ही स्पर्धा होते. गिऱ्हाईक पायरीवर उभे असतानाच मालाचा गुण सांगण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या घरांतील मुलांनी तर यात मागे राहण्याचे कारण नाही. सप्टेंबरातील नोकरी-मेळावे मात्र इतके लवकर येतात, की नवख्या विद्यार्थ्याला बसचा मार्गही नीट कळलेला नसतो. दीड-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ती संधी हुकली, तर वर्षाने पुन्हा.

राहिला प्रश्न अन्नाचा. मिशिगन स्टेटमध्ये १९९३ साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी फूड बँक सुरू केली. अमेरिकेतील ही अशी पहिली म्हणून ओळखली जाते. आता अनेक विद्यापीठांत धान्य, डबाबंद कडधान्ये, कधी ताजी भाजी देणारी अशी केंद्रे आहेत. गरज नसताना तेथे जाणे अनुचितच, आणि केंद्राचे नियम आधी वाचावेत. पण विद्यावेतन महिनाभर लांबले, घरमालकाने अनामत अडकवली, रुपया घसरून कर्जाची रक्कम तोकडी पडली, अशा वेळी ही सोय खरोखर उपयोगी पडते. ज्या घराने आहारदानाला सदैव हात पुढे केला, तेथील मुलाला घेण्यासाठी हात पुढे करणे किती कठीण जाते, हे तोच जाणे. कित्येक जण एका वेळेला उपाशी राहतात, पण त्या दारात जात नाहीत. घरी विचारले की ‘खाल्ले’ म्हणतात.

नोव्हेंबरच्या प्रारंभी अमेरिकेत घड्याळे तासभर मागे जातात. मग आपल्या साडेनऊला तिकडे सकाळचे अकरा वाजतात आणि वर्गाची वेळ आडवी आल्याने फोन आठवड्यावर जातो. दिवस लहान होतात, चारी बाजूंना बर्फ साचू लागते, पहिल्या सत्राच्या परीक्षा जवळ येतात. काही घरांत मुलाला पाठविण्याआधीच एक कागद तयार करतात. आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा तातडीचा क्रमांक, समुपदेशन केंद्राची वेळ, ओम्बड्सपर्सनचा पत्ता, मानसिक संकटात अमेरिकेत कोठूनही फिरवता येणारा ९८८ हा क्रमांक, विमापत्राचा नंबर आणि तेथील एका परिचित कुटुंबाचा फोन. एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात आणि दुसरी येथे, दुकानातील गल्ल्याच्या खणात.