पातळ तळाचे पायताण आणि परभणीची थंडी

डिसेंबर सरत आला, की परभणी जिल्ह्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदविलेले किमान तापमान हा पारापारावरचा विषय होतो. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली भूमी रात्रीतून आपली उष्णता अडथळ्यावाचून गमावून बसते, आणि डिसेंबर 2018 च्या अखेरीस तर पारा 3 अंशांच्या आसपास उतरल्याची नोंद दप्तरी झाली. अशा पहाटे ताडकळससारख्या गावाबाहेरच्या सडकेवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली धावतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर, हा भरतीचा शिरस्ता. मात्र पायांत काय घालावे, याविषयी कोणतेही फर्मान नसल्याने कुणाच्या पायी फुगीर तळाचे बूट, कुणाच्या पायी पातळ कॅनव्हास, तर कुणी अनवाणीच.

टाच उंच नसलेले, बोटांना पसरायला जागा देणारे, पातळ तळाचे बूट घालून धावण्याची चाल अलीकडे शहरांत रुजली असली, तरी आपल्याकडे तिचा पूर्वेतिहास मोठा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा विस्मित झाले, आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याच्या खटपटीचा उगम त्या विस्मयात होता. त्या पथकातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे 2013 च्या डिसेंबरात, वयाची साठी उलटलेल्या लता करे पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून बारामतीची शर्यत अनवाणी धावल्या व जिंकल्या. त्यांच्या अनवाणी पावलांना कुणी पद्धत म्हणू नये. ती निकड होती, आणि चारशेंचा बूट व चार हजारांचा बूट यांची तुलना करणाऱ्या आपण तो भेद विसरता कामा नये.

पातळ तळाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे. जाड गादीवर धावणारा बहुधा टाचेवर आदळतो. गादी काढून घेतली, की टाचेला आघात सोसवत नाही, म्हणून पाऊल आपोआप आखूड पडते आणि पुढचा चवडा आधी टेकतो. आघाताची धार त्यामुळे बोथट होते, परंतु तो भार नाहीसा न होता पोटरीवर आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर जाऊन पडतो, आणि थंडीत हेच अवयव सर्वांत ताठरलेले असतात. या साऱ्या व्यवहाराचा जामीन म्हणजे तळव्याची संवेदना. खडा टोचला हे कळले, तरच पाऊल सावरते. आणि शरीर गाभ्याची ऊब राखण्यासाठी पावलांकडचा रक्तप्रवाह आखडता घेते, तेव्हा तळवा बधिर होऊन नेमका हा जामीनच गैरहजर राहतो. मग सराटा रुतला, धसकट लागले, तरी धावणारा बेखबर. अर्थात जाड बूटवाल्यानेही निर्धास्त राहू नये, कारण त्या तळातला फेसही गारठ्याने कठीण होतो.

म्हणून थंडीत आधी पाऊल ऊबदार करावे आणि मग तळ पातळ करावा, हा क्रम मला युक्त वाटतो. घरातच जागच्या जागी चालावे, चवड्यावर उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात, लोकरीचे मोजे घालावेत, पण ते बोटे आवळतील इतके जाड नसावेत. दंवाने भिजलेली काळी माती पायांतली ऊब झपाट्याने शोषते, तेव्हा बांधावरून जाण्यापेक्षा कोरडी सडक बरी. आणि ज्याला मुभा आहे त्याने उन्हे वर आल्यावर निघावे. भरतीच्या उमेदवाराला ती मुभा सहसा नसते, कारण मैदानी चाचणी बहुधा सकाळीच घेतात. नवशिक्याने एकदम पातळ बुटात पूर्ण अंतर तोडण्याचा हट्ट करू नये. थोडे अंतर, मग नेहमीचे बूट, असे कित्येक आठवडे चालावे.

परतल्यावर बधिर पाय लगेच शेकोटीला लावू नयेत, कारण ज्याला काटा कळला नाही त्याला निखाराही कळत नाही. कोरड्या फडक्याने पुसून, भेगांना तेल लावून, मोज्यांतच त्यांना ऊब धरू द्यावी. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव मुळातच मंदावली आहे, त्यांनी मात्र पातळ तळाचा हा प्रयोग उन्हाळ्यातही करू नये.